बॉम्ब, पत आणि तारापूर

दांडी म्हटलं की बहुतेक लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे गांधीजी आणि मीठ, आणि दुसरी म्हणजे लेक्चरला मारायची ती. तिसरी दांडी फारशी कुणाच्या खिजगणतीत नसते. ती आमच्या पालघर जिल्ह्यात आहे. बोईसरला गाडीतून उतरायचं, एमआयडीसीचा वास नाकात घेत पश्चिमेला समुद्राकडे जायचं, की हे मच्छीमारांचं गाव लागतं. बोटी, जाळी, सुकत घातलेले बोंबील, सगळं त्या किनाऱ्यावरच्या इतर गावांसारखंच. फरक एवढाच, की किनाऱ्यानं उत्तरेकडे गेलं की घिवली लागतं आणि मग तारापूरचं अणुऊर्जा केंद्र.

माझं आजोळ याच पट्ट्यातलं. त्यामुळे 'अणुभट्टी' हा शब्द मी फिजिक्सच्या पुस्तकाच्या बराच आधी मामाच्या तोंडून ऐकला. आणि तोही शास्त्राच्या संदर्भात नाही, तर "आज भट्टीच्या बाजूला फार पोलीस आहेत" अशा थाटात.

तर मुद्दा असा. इराण, उत्तर कोरिया किंवा पाकिस्तानची काही बातमी आली की ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोन पार्ट्या पडतात. पहिली पार्टी म्हणते, बॉम्ब आहे म्हणून जग आपल्याला विचारतं, बाकी सगळी भाषणबाजी. दुसरी म्हणते, अण्वस्त्रं हा माणुसकीला कलंक आहे, ज्याच्याकडे आहेत त्यानं ती मोडीत काढावीत. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात आणि डबे संपले की आपापल्या मॉड्यूलवर परत जातात. पोखरणचं नाव दहा वेळा निघतं, तारापूरचं एकदाही नाही.

मला वाटतं अण्वस्त्रप्रसाराचा हा सगळा वाद समजून घ्यायचा असेल तर पोखरणच्या वाळूपेक्षा तारापूरचा किनारा जास्त उपयोगी आहे. कारण हा वाद जितका बॉम्बचा आहे तितकाच दिलेल्या शब्दाचा आहे. कुणी कुणाला काय कबूल केलं, ते किती दिवस पाळलं, आणि अंगाशी आल्यावर कोण काय म्हणालं. मराठीत याला छान शब्द आहे, पत. दुकानदाराची असते, माणसाची असते, तशी देशाचीही असते. आणि ती कमवायला दशकं लागतात.

जरा मागे जाऊ. ८ ऑगस्ट १९६३ ला भारत आणि अमेरिकेत तारापूरसाठी करार झाला. मुदत तीस वर्षं. भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, बांधकाम बेक्टेलचं, पैसा अमेरिकन सरकारच्या मदत-कर्जातून. १९६९ मध्ये दोन्ही भट्ट्या सुरू झाल्या, मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट (पुढे ती १६० वर आणली). वीज महाराष्ट्र आणि गुजरातला.

होमी भाभांची मोठी योजना साध्या, नैसर्गिक युरेनियमपासून सुरुवात करायची होती. या अमेरिकन भट्ट्यांना मात्र समृद्ध युरेनियम लागतं. म्हणजे काय, तर खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा भाग, युरेनियम-२३५, फक्त ०.७ टक्के असतो. तो वाढवून दोन-तीन टक्क्यांवर नेला की तारापूर चालतं. आणि तोच वाढवत वाढवत नव्वद टक्क्यांच्या आसपास नेला की बॉम्बचा माल तयार. तंत्र तेच, फक्त पुढे चालू ठेवायचं. इराणच्या यंत्रांवरून एवढा गहजब का होतो, ते एवढ्यातच आलं.

त्या वेळी हे युरेनियम समृद्ध करायची सोय आपल्याकडे नव्हती. म्हणून करारात लिहिलं गेलं की तारापूरला लागेल ते इंधन अमेरिका विकेल, आणि अमेरिकेनं दिलेल्या इंधनाशिवाय दुसरं कुठलंही इंधन भारत तिथे वापरणार नाही. हे वाक्य वाचून आयटीतल्या कुठल्याही माणसाच्या पोटात गोळा येईल. यालाच आपण व्हेंडर लॉक-इन म्हणतो. डेटाबेस त्यांचा, लायसन्स त्यांचं, अपग्रेड त्यांचं, आणि दुसऱ्या कुणाकडून पॅच घ्यायची परवानगी नाही!

बदल्यात भारतानं काय कबूल केलं? तर तारापूरचं इंधन शांततामय कामाशिवाय कशालाही वापरणार नाही, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस येऊन त्याची मोजदाद करतील. १९७१ मध्ये भारत, अमेरिका आणि ही संस्था असा तिघांचा त्यासाठी वेगळा करारही झाला. इथपर्यंत सगळं ठीक.

१८ मे १९७४. पोखरणला स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं, ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं. सायरस कॅनडानं दिलेली, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं, आणि दोन्ही 'शांततामय कामासाठी' या अटीवर. आपलं म्हणणं होतं की हा स्फोट शांततामयच आहे. हा शब्द आपण हवेतून काढला नव्हता. कालवे, बंदरं, खाणी अशा कामांसाठी अणुस्फोट वापरता येतील का याचे प्रयोग तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत युनियनही करत होते. पण त्या कामाचे एक प्रमुख शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांनीच पुढे १९९७ मध्ये तो बॉम्ब होता असं जाहीर सांगून टाकलं. तेव्हा तराजूच्या एका पारड्यात हे टाकायलाच हवं. कॅनडाला आपण फसवले गेलो असं वाटलं, आणि तसं वाटायला जागा होती. त्यांनी सहकार्य थांबवलं, राजस्थानातल्या दुसऱ्या अणुभट्टीचं काम आपल्याला एकट्यानं पुरं करावं लागलं. पुरवठादार देशांनी एकत्र येऊन आपला गट काढला, तोच आजचा एनएसजी. म्हणजे जगातल्या ज्या क्लबात शिरायला आपण नंतर एवढी धडपड केली, तो क्लब निघाला तोच मुळी आपल्यामुळे :)

आता दुसरं पारडं. मार्च १९७८ मध्ये अमेरिकेनं अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी नवा कायदा केला. त्यानुसार ज्या देशाला अमेरिकेकडून इंधन हवं असेल त्यानं आपल्या सगळ्याच्या सगळ्या अणुकेंद्रांची दारं तपासनिसांना उघडायची. फक्त अमेरिकेनं दिलेल्या केंद्रांची नव्हे, सगळ्यांची. जुन्या करारांना दोन वर्षांची सवलत, मग तेही याच नियमात. म्हणजे प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना क्लायंटनं नव्या अटी मेल करायच्या आणि सांगायचं की या मान्य असतील तरच जुनं बिल पास होईल. भारताचं म्हणणं साधं होतं. १९६३ च्या करारात हे लिहिलेलं नाही, आणि तुमच्या संसदेनं नंतर केलेला कायदा दोन देशांच्या आधीच्या कराराला मागे जाऊन बांधू शकत नाही.

त्या आधीच, जानेवारी १९७८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर दिल्लीत आले होते. मोरारजी देसाई पंतप्रधान. भेटीत तारापूरचा विषय निघाला. नंतर कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले की परत गेल्यावर यांना एक थंड, सडेतोड पत्र लिहायला हवं. जवळचा माइक चालू होता! पत्रकारांनी सगळं ऐकलं. जागतिक राजकारणातला हा बहुधा पहिला 'अनम्यूट' अपघात असावा. (कॉल संपल्यावर आधी माइक बघावा हा नियम आमच्या टीमला आता पाठ आहे.)

पण याच कार्टरची दुसरी बाजूही सांगायला हवी. मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणु-नियामक आयोगानं तारापूरसाठीच्या ३८ टन इंधनाला परवानगी नाकारली. कार्टरनी स्वतःचा अधिकार वापरून ते पाठवायचं ठरवलं. प्रतिनिधीगृहानं २९८ विरुद्ध ९८ अशा मोठ्या फरकानं त्यांच्या विरोधात मत दिलं. मग २४ सप्टेंबर १९८० ला सिनेटमध्ये मतदान झालं आणि ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी इंधन सुटलं. दोन मतं! पालघरच्या किनाऱ्यावरच्या भट्टीचं भवितव्य ज्यांनी पालघरचं नाव जन्मात ऐकलं नसेल अशा शंभर लोकांच्या सभागृहात ठरत होतं. परराष्ट्र धोरण ही दिल्लीतली काहीतरी गहन गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढच्या इंधनाचा प्रश्न तसाच राहिला. शेवटी १९८२ च्या उन्हाळ्यात इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा तोडगा निघाला. करार तोच, पण इंधन देणार फ्रान्स. अमेरिकेनं स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या खिशातून पाळला असं म्हणू या.

आणि इथे माझ्या दृष्टीनं या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. कारण या सगळ्या काळात आपल्याला एक सोपा रस्ता उपलब्ध होता. "तुम्ही करार मोडला, आता आम्हीही मोकळे" असं म्हणायचं, तपासनिसांना बाहेर काढायचं आणि तारापूरचं वापरलेलं इंधन हवं तसं वापरायचं. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं. ते वेगळं काढणारा पुनर्प्रक्रिया कारखाना तारापूरमध्येच उभा होता. दुसऱ्या गावी न्यायचीही गरज नाही. तसं करा म्हणणारे लोक देशात कमी नव्हते, आणि त्यांचा कायदेशीर मुद्दा अगदीच लंगडाही नव्हता.

आपण तसं केलं नाही. करारानुसार पुनर्प्रक्रियेसाठी दोन्ही देशांचा एकत्र निर्णय लागत होता. अमेरिका तो देईना, म्हणून इंधन तसंच साठत राहिलं. जागा आपली, खर्च आपला, राखणदारी आपली, आणि परवानगी वॉशिंग्टनची. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये तीस वर्षांची मुदत संपली. करार संपला म्हणजे बंधनं संपली, असंही म्हणता आलं असतं. १९९४ मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी स्वतंत्र करार करून तारापूरवरची देखरेख पुढे चालू ठेवली.

हा काही संतपणा नव्हता. देखरेख सोडली असती तर पुढे कुणीच इंधन दिलं नसतं, हे सरकारला कळत होतं. स्वार्थ होताच. पण लांबचा स्वार्थ बघून आजचा राग गिळणं, हेच तर शहाणपण. फ्रान्सनंही पुढे सगळ्या केंद्रांच्या तपासणीची अट घातली आणि १९९३ नंतर हात वर केले. मग १९९५ मध्ये तारापूरला इंधन दिलं कुणी? चीननं! हो, तोच चीन. आणि तीनच वर्षांनी, मे १९९८ च्या चाचण्यांनंतर, वाजपेयींनी क्लिंटनना लिहिलेल्या पत्रात १९६२ ला आक्रमण केलेल्या अण्वस्त्रधारी शेजाऱ्याचं कारण दिलं. चीनचं नाव न घेता. परराष्ट्र धोरणात 'मित्र' आणि 'शत्रू' असे दोनच फोल्डर नसतात. २००१ मध्ये रशियानं इंधन दिलं, अमेरिकेची नाराजी पत्करून. २००६ मध्ये परत रशियानंच.

दरम्यान आपण लॉक-इनवरचा खरा उपायही करत होतो, तो म्हणजे स्वतःचं बनवणं. त्याच तारापूरच्या आवारात तिसरी आणि चौथी भट्टी उभी राहिली, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. नैसर्गिक युरेनियमवर चालणारी, जड पाणी आपलं, डिझाइन आपलं. चौथी २००५ मध्ये सुरू झाली आणि तिसरी २००६ मध्ये (नंबर उलटे, पण सरकारी कामात हेही चालतं).

आता गंमत बघा. पहिल्या दोन भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय देखरेख आहे. तिसरी आणि चौथी २००६ च्या विभागणीत आपण देखरेखीच्या बाहेर ठेवली. म्हणजे 'जगाला दाखवायचं' आणि 'आपल्यापुरतं ठेवायचं' ही जी रेघ अख्ख्या अणुवादाच्या मुळाशी आहे, ती एकाच कुंपणाच्या आतून जाते. जिनिव्हा नको, व्हिएन्ना नको. बोईसरहून रिक्षानं जाऊन बाहेरून बघता येईल इतकी ती जवळ आहे.

ही विभागणी म्हणजे भारत-अमेरिका अणुकराराचा पाया. १८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि बुश यांनी घोषणा केली. मग तीन वर्षं रस्सीखेच. कुठल्या भट्ट्या देखरेखीखाली द्यायच्या यावर अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी जाहीरपणे पाय रोवले आणि ब्रीडर भट्ट्या बाहेर ठेवायला लावल्या. शेवटी २२ पैकी १४ देखरेखीखाली, बाकीच्या बाहेर. डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ ला सरकारनं २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासमत जिंकलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला त्यातलं फक्त संसदेत नोटांची बंडलं दाखवली ते आठवतं.

त्या कराराची कलमं नंतर वाचली तेव्हा मला जे दिसलं ते सांगतो. त्यात इंधनपुरवठ्याची हमी आहे. पुरवठा तुटू नये म्हणून भट्ट्यांच्या पूर्ण आयुष्याला पुरेल असा राखीव साठा करायला अमेरिका मदत करेल. तरीही अडचण आली तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा देशांना बरोबर घेऊन मार्ग काढेल. हे कलम म्हणजे तारापूरचा बग रिपोर्ट आहे. १९६३ ला जे लिहायचं राहिलं ते पंचेचाळीस वर्षांनी लिहून घेतलं.

पहिल्या पार्टीतला माझा एक मित्र म्हणतो, "अरे, शब्द-बिब्द काही नाही. अमेरिकेला चीनच्या विरोधात माणूस हवा होता आणि भट्ट्या विकायच्या होत्या." त्यात तथ्य आहे. पण एनएसजीत तेव्हा ४५ देश होते आणि निर्णय एकमतानं व्हायचा होता. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड यांना ना चीनशी कुस्ती खेळायची होती ना आपल्याला भट्ट्या विकायच्या होत्या, आणि तेच सगळ्यात अडून बसले होते. ५ सप्टेंबर २००८ ला प्रणव मुखर्जींनी निवेदन काढलं. चाचण्यांवर आपण स्वतःहून घातलेली बंदी पाळू, प्रथम वापर करणार नाही, संवेदनशील तंत्रज्ञान कुणाला देणार नाही. दुसऱ्या दिवशी सूट मिळाली. आता असंच निवेदन पाकिस्ताननं काढलं असतं तर? अब्दुल कादीर खान यांनी २००४ मध्ये टीव्हीवर येऊन कबुली दिली होती की त्यांनी अणुतंत्रज्ञान बाहेर विकलं. शब्द तेच असते, पण पत नव्हती. जुनी वही उघडून बघितली जाते ती अशा वेळी.

दुसऱ्या पार्टीचा आक्षेप जास्त जड आहे. ते म्हणतात, भारताला सूट देऊन जगानं नियमच मोडला. नियम पाळून अण्वस्त्रं न बनवणाऱ्यांना काय मिळालं? प्रश्न योग्य आहे. पण नियम मुळात कसा होता तेही बघा. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात 'अण्वस्त्रधारी' कोण, तर ज्यानं १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केला तो. चीननं १९६४ ला केला, तो आत. आपण १९७४ ला केला, आपण बाहेर. ही म्हणजे डेडलाइनच्या आधी ज्यांनी अर्ज भरला त्यांना फ्लॅट, बाकीच्यांनी कायम भाड्यानं राहायचं. त्याच करारात मोठ्या देशांनीही एक शब्द दिला होता, निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करू असा. त्या शब्दाचं काय झालं? अमेरिका आणि रशिया यांच्यातला अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा जो शेवटचा करार उरला होता, त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती.

आणि जगभर नजर टाकली तर चित्र फार वाईट आहे. युक्रेननं १९९४ मध्ये आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं परत द्यायचं कबूल केलं, बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटननं त्याच्या सीमांचा मान राखायचा शब्द दिला. (त्या अस्त्रांची कळ मॉस्कोकडे होती हे खरं, पण शब्द तर दिला होता.) २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला पूर्ण युद्ध. लिबियाच्या गद्दाफीनं २००३ ला कार्यक्रम सोडला, २०११ ला तो गेला. इराणनं २०१५ ला करार केला, २०१८ ला अमेरिका त्यातून बाहेर पडली, मग इराणनं समृद्धीकरण ६० टक्क्यांपर्यंत नेलं, आणि जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेनं त्याच्या केंद्रांवर हल्ले केले. उत्तर कोरियानं २००३ मध्ये प्रसारबंदी करार सोडला, २००६ ला स्फोट केला, आणि त्याच्यावर असा हल्ला करायची हिंमत कुणी केली नाही.

एखाद्या छोट्या देशाच्या तरुण अधिकाऱ्यानं ही यादी वाचली तर तो काय शिकेल? हेच, की शब्दावर विसंबू नका, बॉम्ब बनवा. मला याची भीती वाटते. युरेनियम दुर्मीळ नाही, तंत्रज्ञान ऐंशी वर्षं जुनं आहे. इतकी वर्षं बहुतेक देशांनी बॉम्ब बनवला नाही तो काही जमत नव्हता म्हणून नाही, तर त्याशिवायही आपण सुरक्षित राहू असा त्यांना कुणाच्या तरी शब्दाचा भरवसा होता म्हणून. तो भरवसा संपला तर कुठलाही तपासनीस पुरा पडणार नाही.

म्हणून आपल्याकडे प्रथम वापर न करण्याच्या धोरणावर जेव्हा थोरामोठ्यांची जीभ सैल सुटते तेव्हा मी अस्वस्थ होतो. २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर म्हणाले की आपण स्वतःला असं बांधून का घ्यायचं (नंतर ते त्यांचं वैयक्तिक मत ठरलं). २०१९ मध्ये राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की भविष्यात काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून. टाळ्या मिळतात, कबूल. शत्रूला थोडं संभ्रमात ठेवावं हा डावपेचही मला समजतो. पण २००३ पासून अधिकृतपणे जाहीर असलेलं हे धोरण म्हणजे आपली एफडी आहे. मोडायची नाही असं ठरवून ठेवलेली. ती मोडायची नुसती चर्चा केली तरी बँकेतला माणूस विचारतो, साहेब, घरी काही अडचण आहे का?

आता परत किनाऱ्यावर येतो, कारण माझा शेवटचा आणि खरा मुद्दा तिथे आहे.

तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. देशाला स्वावलंबी व्हायचं होतं, त्याची जागा म्हणून ही दोन गावं गेली. पुनर्वसन कबूल केल्याप्रमाणे होत नाही ही गावकऱ्यांची तक्रार होती आणि ते भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. घिवली, दांडी अशी जी गावं जागेवर राहिली त्यांच्याही तक्रारी जुन्या आहेत. भट्टीतून समुद्रात जाणारं गरम पाणी, सुरक्षेपायी मासेमारीवर आलेल्या मर्यादा, आणि एवढं सगळं सोसूनही पोरांना कायम नोकरी न मिळणं. यातलं किती खरं, किती वाढवलेलं, ते मोजता येईल. पण ते मोजून, आकडे मराठीत छापून, ग्रामसभेत समोर ठेवणं हे काम कुणाचं? प्रकल्पाभोवती सोळा किलोमीटरचं आणीबाणी नियोजन क्षेत्र आखलेलं असतं. माझ्या आजोळात दहा जणांना विचारा, सायरन वाजला तर कुठे जायचं. दहा वेगळी उत्तरं येतात. मामाचं उत्तर आहे, "बोटीत बसायचं."

हे बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, तू प्रकल्पाच्या विरोधात आहेस का? अजिबात नाही. मला तिसऱ्या-चौथ्या भट्टीचा अभिमान वाटतो, इंजिनिअर म्हणून तर जास्तच. पण जरा आठवा, आपण अमेरिकेशी तीस वर्षं कशासाठी भांडलो? करार केल्यावर बलवान पक्षानं एकतर्फी अटी बदलायच्या नाहीत म्हणून. दुबळ्या पक्षानं आपली बाजू पाळली असेल तर बलवानानंही पाळायला हवी म्हणून. हे तत्त्व वॉशिंग्टनमध्ये बरोबर असेल तर पोफरणमध्येही बरोबरच असलं पाहिजे. अणुकरारात आयुष्यभराच्या इंधनाची हमी आपण कलमं मोजून लिहून घेतली. मग ज्यांनी जमीन दिली त्यांना घर, पाणी, बंदर आणि रोजगाराची हमी तितक्याच बारकाईनं का लिहून देता येऊ नये? त्यांच्याकडे परराष्ट्र खातं नाही, एवढंच ना?

आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही पार्ट्यांना हे पटणार नाही याची मला खात्री आहे. पहिलीला वाटेल, मोठ्या राष्ट्रीय प्रश्नात हा गावगाडा कशाला आणतोस. दुसरीला वाटेल, हा शेवटी बॉम्बचं समर्थनच करतोय. चालेल. अण्वस्त्रं उद्या जगातून जाणार नाहीत, आणि ती गेली पाहिजेत असं म्हणणाऱ्यांचं तोंड आपण बंदही करू नये. पण तोवर ज्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे ती आपल्या हातात आहे. चाचणी करणार नाही म्हणालो, तर करायची नाही. पहिला वार करणार नाही म्हणालो, तर त्यावर विनोदही करायचा नाही. आणि घर देऊ म्हणालो, तर द्यायचं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जग बघतं. तिसरी बघायला कुणी तपासनीस येत नाही, तिची खरी परीक्षा म्हणून तिथेच आहे.